वाजवून घ्यायची शिडाची होडी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॅम्बल नदीच्या काठी किंवा चिचेस्टरच्या खाडीत, हिवाळ्यात एक चक्कर मारा. आपल्याकडे पावसाळा आला की होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, तशा तिकडे थंडीत शिडाच्या होड्या क्रेनने उचलून जमिनीवर ठेवलेल्या असतात. त्या रांगांमध्ये एक होडी हटकून दिसेल. जेमतेम २६ फूट लांब, अंगाने भरदार, आणि पोटाखाली एका कीलऐवजी, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या वजनदार पात्याऐवजी, ओतीव लोखंडाच्या दोन. ही वेस्टर्ली सेंटॉर. जॅक लॉरेंट जाइल्स यांच्या कार्यालयात तिचा आराखडा झाला, १९६९ मध्ये पोर्ट्समथजवळच्या कारखान्यात ती बनायला लागली, आणि १९८० पर्यंत तिच्या जवळजवळ अडीच हजार बहिणी पाण्यात उतरल्या. म्हणजे आज विकायला निघालेली सर्वांत तरुण सेंटॉरनेसुद्धा पंचेचाळिशी गाठली आहे.

आणि तरीही माणसं ती विकत घेतात! शुक्रवारी संध्याकाळी पिशव्या टाकून तिच्यात चढतात, दोन रात्री तिच्यातच झोपतात, किनाऱ्याकिनाऱ्याने वीस-तीस मैल जाऊन रविवारी परत येतात. त्याच काळात कारखान्यातून बाहेर पडलेल्या किती मोटारी आज रोज रस्त्यावर धावताहेत? मग समुद्रासारख्या सर्वभक्षी ठिकाणी राहिलेली ही वस्तू अजून धडधाकट कशी? आणि अशी एखादी घ्यायची झाली, तर धडधाकट कोणती आणि वरवर रंग मारलेली कोणती, हे कसं ओळखायचं?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालं की पहिल्याचं उत्तर आपोआप हाती येतं. जुन्या होडीभोवती नुसती एक फेरी मारायची, पण कान, बोटं आणि नाक उघडं ठेवून. रसायनशास्त्र, धातुशास्त्र, पदार्थविज्ञान, सगळं तिथे एका होडीत भेटतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ती जागोजागी येणार आहे. अशा होडीला लाटांची फारशी भीती नसते. ती लाटांसाठीच बांधलेली असते. तिला भीती असते ती आत शिरलेल्या आणि बाहेर पडायला वाट न सापडलेल्या पाण्याच्या थेंबाची.

सुरुवात तिच्या अंगापासून करू. ही होडी फायबरग्लासची आहे, आणि अशा होड्या कारखान्यात बनू लागल्या तेव्हा हा पदार्थ किती वर्षं टिकतो हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. कसं असणार? काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर राळ ही जोडी जमली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. पन्नास वर्षांची फायबरग्लासची होडी पाहायला आधी पन्नास वर्षं जावी लागणार होती! म्हणून त्या काळातल्या बऱ्याच कारागिरांनी लाकडी होडीची जाडी डोळ्यांसमोर ठेवली आणि थरावर थर चढवले. त्यांची ती धास्ती आज जुनी होडी घेणाऱ्याला फुकटात मिळते.

वेस्टर्लीचा कारखाना काढणारा डेनिस रेनर तर समुद्राचा धाक मानणाराच माणूस होता. महायुद्धात अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांचा पाठलाग करणाऱ्या जहाजांवर तो अधिकारी होता. ‘द एनिमी बिलो’ ही कादंबरी त्याचीच, आणि तिच्यावर १९५७ मध्ये हॉलिवूडने चित्रपटही काढला. दोन कीलच्या छोट्या, मजबूत, कुटुंबाला परवडतील अशा होड्यांचा ध्यास त्याने घेतला. सेंटॉर पाहायला तो उरला नाही, पण तिच्या अंगात त्याची शिस्त दिसते.

आता ही होडी बनते कशी ते पाहा. साचा आतून आरशासारखा घासतात आणि त्यावर सगळ्यात आधी जेलकोट चढवतात, म्हणजे रंगीत राळेचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर. त्यावर काचेच्या तंतूंची चटई, चटईत राळ मुरवायची, रोलर फिरवायचा, पुन्हा चटई, पुन्हा राळ. सुतार आधी सांगाडा उभा करतो, मग फळ्या ठोकतो आणि शेवटी रंग देतो. इथे रंग पहिला! होडी बाहेरून आत घडत जाते. आज जिच्यावरून तुम्ही हात फिरवता ती बाहेरची चकाकी या होडीत सगळ्यात आधी जन्माला आली.

आणि काच? काचेसारखी ठिसूळ वस्तू होडीला बळ देते, हे पटतं तरी का? १९२० साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने याचं कोडं सोडवलं. काच फुटते ती तिच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म भेगांपासून. तिचा तंतू केसाहून बारीक ओढला, की मोठी भेग मावायला त्यात जागाच उरत नाही, आणि तीच काच कल्पनेपलीकडे ताण सोसते. राळेचं काम एवढंच की या लाखो तंतूंना आपापल्या जागी धरून ठेवायचं आणि एकाचा भार दुसऱ्याकडे पोचवायचा.

आता खाली वाका आणि पाण्याखाली राहणाऱ्या भागावरून तळवा फिरवा. कधी मसुरीएवढे, कधी नाण्याएवढे फोड हाताला लागतील. मालकाची परवानगी घेऊन आणि डोळ्यांवर चष्मा चढवून त्यातला एक टोचा. आतला द्राव चिळकांडी मारून बाहेर येतो! दाब असल्याखेरीज असं होणार नाही. हात लावला तर चिकट, नाकाशी नेला तर व्हिनेगरसारखा आंबूस. समुद्राचं पाणी असं नसतं. मग हे आलं कुठून?

झालं असं. जेलकोट पाण्याला अडवतो, पण पुरता नाही. पाण्याचे सुटे रेणू त्यातून अतिशय सावकाश, वर्षानुवर्षं झिरपत राहतात. आत गेल्यावर त्यांना राळेतले नीट न जमलेले, विरघळणारे अंश भेटतात. त्यांचा दाट, आम्लधर्मी द्राव तयार होतो. या द्रावातले रेणू मोठे, त्यांना बाहेर पडता येत नाही. पाण्याचे छोटे रेणू मात्र आत येतच राहतात, कारण दाट द्रावाकडे पाणी ओढलं जाणं हा निसर्गाचा नियमच आहे. झाडांची मुळं जमिनीतून पाणी घेतात ती याच नियमाने. त्याला ऑस्मोसिस म्हणतात, आणि होडीवाल्यांच्या तोंडी या फोडांचं नावही तेच.

यातून निघणारा निष्कर्ष मला भारी आवडतो. गोड्या पाण्याच्या तळ्यात राहिलेली होडी आणि खाऱ्या समुद्रात राहिलेली होडी, यांत फोड कुणाला अधिक? सहज उत्तर येतं, समुद्रातलीला. खारं पाणी सगळंच खातं ना! पण बरोबर उलटं आहे. फोडातला द्राव आणि बाहेरचं पाणी यांच्या दाटपणात जितका फरक जास्त, तितकी ओढ जास्त. गोडं पाणी अगदीच पातळ, म्हणून ते अधिक जोमाने आत जातं. पाणी कोमट असेल तर आणखी वेगाने. आणि हिवाळाभर कोरड्या जमिनीवर काढलेली होडी त्या काळात सुकत असते, म्हणून ‘दर वर्षी वर काढली जायची का?’ हा प्रश्न विक्रेत्याला आधी विचारायचा.

फोडांना घाबरून लोक उत्तम होड्या सोडून देतात, हे मला अजिबात पटत नाही. फोडांनी होडी क्वचितच धोक्यात येते. किंमत मात्र खाली येते, आणि तो फायदा घेणाऱ्याचा.

खरी धास्ती वर आहे. शिडीवरून डेकवर या, आणि शक्य असेल तर अनवाणी.

त्या काळच्या अनेक होड्यांचा डेक तीन थरांचा असतो: वर फायबरग्लासचा पातळ पापुद्रा, खाली तसाच दुसरा, आणि मध्ये बाल्सा किंवा प्लायवूड. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतं. इतकं हलकं, की ठोकळा हातात घेतला तर आत काही आहे की नाही असा प्रश्न पडावा. असं लेचंपेचं लाकूड माणसांना नाचवणाऱ्या डेकमध्ये का घातलं? कारण वाकण्याला होणारा विरोध जाडीबरोबर भराभर वाढतो. एकसंध फळीची जाडी दुप्पट केली, की ती वाकवायला आठपट जोर लागतो. ताण आणि दाब सोसायचं काम वरच्या-खालच्या कातडीचं. मधल्या थराने फक्त त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवायचं. विमानाच्या अंगातही हीच युक्ती असते. त्यातही बाल्सा आडवं न घालता चौकटी-चौकटी कापून उभ्या रेषांत घालतात, म्हणजे दाब सोसायला ते तगडं होतं आणि पाणी शिरलंच तर चहूकडे सहज पसरत नाही.

पण पाणी शिरतं. डेकवर कठड्याचे खांब आहेत, दोर गुंडाळायच्या विंच आहेत, खुंट्या आहेत, खिडक्या आहेत, आणि प्रत्येकाखाली भोकं पाडलेली आहेत. भोकाभोवतीचं सीलंट दहा-पंधरा वर्षांत कडक होऊन सुटतं. मग दर पावसात एक-दोन थेंब. ते दोन पापुद्र्यांच्या मध्ये अडकतात, ना ऊन, ना वारा. लाकडाला बुरशी धरते, त्याचा ओला भुगा होतो, कातडी सुटते, आणि वरून डेक अजून पांढराशुभ्र, चकचकीत!

मग आतलं कसं कळणार? कुंभाराकडून मडकं घेताना आपण जे करतो तेच करायचं: वाजवून पाहायचं. प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी किंवा जाड नाणं घ्या आणि एका कडेपासून चार-चार बोटांवर ठोकत चला. टण्, टण्, टण्. तिन्ही थर एकजीव असतील तर ते एकत्र कंप पावतात आणि आवाज आखूड, खणखणीत येतो. ठोकत ठोकत कठड्याच्या एखाद्या खांबापाशी येता, आणि एकाएकी ‘ठप्’. आवाज मेला. वरची कातडी आता एकटीच हलतेय, आणि तिचा कंप खालचा ओला भुगा गिळून टाकतोय. तिथे खडूने खूण करा. पुढे ठोका, पुन्हा टण्. मागे या, ठप्. अर्ध्या तासात खडूच्या खुणा जुळून डेकवर एक डाग उमटतो, आणि तो जवळजवळ नेहमी कुठल्या तरी भोकाभोवती पसरलेला असतो. डोळ्यांना अजिबात न दिसणारा आजार कानांनी काढलेला हा नकाशा! तळहाताएवढे दोन-चार डाग असतील तर दुरुस्ती करता येते. डोलकाठीच्या बुडाशी मोठा डाग असेल, तर हातोडी खिशात घालून शेजारची होडी पाहायला जावं.

आता खाली उतरा, कारण जिच्यासाठी या होडीला कील-बोट म्हणायचं ती गोष्ट तिथे आहे.

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडाकडे जाऊ शकते, हे मुळातच किती अजब आहे! थेट समोर नाही, पण साधारण पंचेचाळीस-पन्नास अंशांचा कोन ठेवून, एकदा या कुशीवर आणि एकदा त्या कुशीवर वळत, ती जिथून वारा येतो तिथेच पोचते. वारा तर शिडाला मुख्यतः बाजूला ढकलत असतो. मग ती बाजूला का वाहून जात नाही? कील अडवते म्हणून. पण नुसती भिंत बनून नाही. होडी पुढे जाताना किंचित तिरकी सरकते, तीन-चार-पाच अंश. तेवढ्या तिरकेपणाने पाणी कीलवर कोनातून येतं आणि कील चक्क पंखासारखी वागू लागते. विमानाचा पंख वर उचलतो तशी ही होडीला, वारा जिथून येतो त्या बाजूला उचलते. वर एक पंख हवेत, खाली दुसरा पाण्यात, आणि दोघांच्या ओढाताणीतून होडी पुढे निसटते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे, म्हणून एवढ्या मोठ्या शिडाला पुरून उरायला खालची एवढीशी कील चालते.

तिचं दुसरं काम वजनाचं. सेंटॉरचं एकूण वजन सुमारे तीन टन, आणि त्यातलं सव्वा टनाहून अधिक नुसतं या दोन लोखंडी कीलमध्ये आहे. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त! वारा होडीला जितकी कलवतो, तितकं हे खालचं वजन बाजूला उचललं जातं आणि, एका मर्यादेपर्यंत, तितक्याच जास्त जोराने तिला परत उभी करू पाहतं.

मग एक खोल कील सोडून दोन आखूड का? याचं उत्तर ओहोटीत आहे. पोर्ट्समथच्या आसपास उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि ते ओसरलं की खाड्यांमध्ये मैलोन्मैल चिखल उघडा पडतो. कोकणात खाडीकाठी वाढलेल्याला हे दृश्य सांगावं लागत नाही. एका कीलची होडी अशा चिखलात आडवी पडते. सेंटॉरला मात्र तीन फूट पाणी तरंगायला पुरतं, आणि तेही गेलं की ती दोन पायांवर ताठ बसते. आत किटली शेगडीवरून घसरत नाही. याची किंमत मोजावी लागते. वाऱ्याच्या तोंडाला ती खोल कीलच्या होडीइतकी चढत नाही आणि जरा मागे पडते. शनिवार-रविवारी किनाऱ्याने भटकायचं असेल, तर मी हा सौदा डोळे मिटून करीन.

पण हिशोब करा. भरती-ओहोटीचं एक चक्र साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं. दर ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या जागी होडी वर्षभर बांधून ठेवली, तर ती वर्षात सुमारे ७०० वेळा बसते आणि उठते. प्रत्येक वेळी तीन टनांचा भार दोन बाहेर झुकलेल्या पायांवर येतो, ते किंचित फाकतात, मग परत मिटतात. चाळीस वर्षं! म्हणून सेंटॉर पाहताना कील जिथे अंगाला मिळते तो सांधा सर्वांत महत्त्वाचा. तिची ही दुखरी जागा साऱ्यांना माहीत आहे. आतल्या बाकांखालचे पाट उचला, टॉर्च मारा. कीलच्या वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात का? कुणी काचेच्या थरांच्या आडव्या पट्ट्या घालून तळ मजबूत केलाय का? ते काम नीट झालं असेल तर तो दोष न मानता मोठी जमेची बाजू मानावी. आणि क्रेन होडी उचलणार असेल त्या वेळी तिथे हजर राहायचा हट्ट धरा. होडी हवेत असताना कील खाली ओढली जाते आणि सांध्याची फट उघडते. जमिनीवर टेकली की दाबली जाते. ती हालचाल नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल, तर दुरुस्तीचा खर्च काढल्याशिवाय किमतीचं बोलणंच करू नका.

त्या सांध्यातले बोल्ट हा तर मला सर्वांत चक्रावून टाकणारा भाग वाटतो. अनेक कील-बोटींमध्ये हे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतात. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं, हो ना? पण ते गंजत नाही ते का? त्यातल्या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचं कवच बनतं. त्याला ओरखडा पडला तर ऑक्सिजन मिळताच ते क्षणात सांधतं. म्हणजे हे पोलाद तगून राहतं ते हवेच्या जिवावर! आता बोल्ट कुठे आहे पाहा. डोकं होडीच्या आत, हवेत. टोक लोखंडात. आणि मधला तुकडा सांध्याच्या अरुंद फटीत, जिथे खारं पाणी शिरून साचून राहिलंय. तिथला ऑक्सिजन संपतो, नवा येत नाही, मिठातले क्लोराइड कवच फोडतात, आणि ते परत बनत नाही. बोल्ट कमरेत झिजत जातो, वरचं डोकं मात्र लखलखीत! म्हणून डोक्याच्या चकाकीवर विश्वास ठेवू नये. बाहेरून सांध्यातून तपकिरी ओघळ उतरलेत का ते बघावं, आणि शंका आली तर एक बोल्ट काढून दाखवा म्हणावं. मोठा खर्च करायच्या आधी धंदेवाईक सर्व्हेअर बोलवावाच लागतो. तो नेमकी हीच मागणी करील.

कील आणि अंग यांच्या सांध्याची ही चिंता होड्यांइतकीच जुनी आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने जिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहेली’ आपल्या मुंबईत, कुलाब्याला बांधलेली, सागवानी, ३२ फुटी. १४ जून १९६८ ला तो फॅलमथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. सेंटॉर बाजारात आली तेच हे वर्ष. सुरुवातीलाच अटलांटिकमध्ये सुहेलीत पाणी येऊ लागलं. भर समुद्रात बुडी मारून त्याने पाहिलं, तर कीललगतची फट उघडलेली. श्वास रोखून पुन:पुन्हा खाली जात त्याने तिथे कापूस ठासला, वर किलतानाची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला, आणि तशीच ती होडी जगाला वळसा घालून आली.

धातूंची आणखी एक नवलकथा प्रोपेलरजवळ टांगलेली असते: जस्ताचा एक ओबडधोबड, खाल्लेला गोळा. तो खाल्ला जावा म्हणूनच बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की विजेचा घट तयार होतो आणि त्यातला एक झिजतो. जस्त पुढे होऊन स्वतः झिजतं आणि बाकीचे वाचतात. ही युक्ती १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलासाठी काढली. जहाजांच्या बुडाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्र खात होता. त्याने ‘समरंग’ या जहाजाला, जे कोचीनला बांधलेलं होतं, ओतीव लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं! पण जहाज शंखशिंपल्यांनी आणि शेवाळाने भरून गेलं, कारण झिजून पाण्यात उतरणारं तांबंच तर त्यांना दूर ठेवत होतं. केवढा अचूक प्रयोग, आणि यशच आडवं आलं. छोट्या होडीवर मात्र ही युक्ती उत्तम चालते. जस्ताचा गोळा अर्धा झिजलेला दिसला तर समाधान माना. बरीच वर्षं लावलेला असून कोराच्या कोरा असेल, तर त्याची तार कुठे तरी तुटली आहे आणि दुसरंच काही तरी झिजतंय.

काय झिजतंय हे होडीच्या आत, तळाच्या कॉकपाशी कळतं. सिंकचं पाणी बाहेर सोडायला, इंजिनला थंड पाणी घ्यायला तळाला भोकं असतात आणि त्यांवर कॉक बसवलेले असतात. ते ब्राँझचे असावेत. स्वस्तात कुणी पितळेचे बसवले असतील तर सावध व्हा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समुद्राचं पाणी त्यातलं नेमकं जस्त वेचून नेतं, आणि मागे तांब्याची सच्छिद्र जाळी राहते, आकार तोच, वजन जवळजवळ तेच, जोर मात्र काही नाही. चाकूच्या टोकाने जरा खरवडा. खाली पिवळं चमकलं तर ठीक. गुलाबी दिसलं तर तो कॉक पिरगळताना हातात येऊ शकतो, आणि पाण्याखाली अर्धा मीटर, चार सेंटिमीटरच्या भोकातून मिनिटाला शे-दीडशे लिटर पाणी आत येतं.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांवर टिश्यू पेपर फिरवायचा. तुटका धागा कागद पकडतो. बारकाईने बघायची ती तारांची खालची टोकं, कारण तिथे धातूची नळी वर तोंड करून असते आणि पाणी तिच्यात उतरून बसतं. पुन्हा तोच अडकलेला थेंब! तारा दहा-बारा वर्षांहून जुन्या असतील तर बहुतेक विमा कंपन्या त्या बदलायला सांगतात, तेव्हा तो खर्च किमतीतून वजा करून बोला. शिडं हाताने चुरून पाहा. उन्हाने थकलेलं कापड मऊ पडलेलं असतं आणि शिवण नखाने उसवते. छताचं अस्तर लोंबत असेल तर हसून सोडून द्या. अस्तरामागचा फोम दमट हवेने भुगा होऊन सुटतो, जुन्या वेस्टर्लींमध्ये हे इतकं सर्रास आहे की त्यावरून कंपनी ओळखावी. इंजिनबद्दल एकच सांगतो: तुम्ही पोचायच्या आधी ते गरम करून ठेवलेलं नसावं. आधी त्याच्यावर हात ठेवा, थंडगार लागलं पाहिजे, मगच सुरू करायला सांगा. नव्या डिझेल इंजिनची किंमत अनेकदा अख्ख्या होडीपेक्षा जास्त असते.

एवढं पार पडलं की होडी पाण्यात उतरवून शीड चढवा. वारा बेताचा असताना सुकाणूचा दांडा क्षणभर सोडून द्या. चांगली होडी आपणहून नाळ वाऱ्याकडे वळवते, शीड फडफडतं आणि ती थांबते. हात सुटला तरी माणूस सुरक्षित राहावा, असा तिचा तोल बांधतानाच बसवलेला असतो. वाऱ्यापासून दूर पळत असेल तर डोलकाठीचा कल किंवा शिडांचा मेळ चुकला आहे, आणि तो तारा सैल-घट्ट करून बहुधा दुरुस्त होतो.

निघायच्या आधी मात्र एक काम केलेलं हवं. केबिनच्या मधली फळी उचलून तळाचं पाणी फडक्याने कोरडं टिपून घ्यायचं. दोन-तीन तासांनी परत आल्यावर तीच फळी पुन्हा उचला. आत थोडं पाणी असेलच. त्यावर डिझेलचा तवंग नसेल तर बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावा. खारट लागलं, तर ते समुद्रातून आलं आहे: कॉक, प्रोपेलरच्या दांड्याची खोबण, कीलचे बोल्ट, याच क्रमाने टॉर्च घेऊन बघत जा. गोडं लागलं, तर पिण्याच्या पाण्याची टाकी गळते का ते आधी पाहा. ती कोरडी असेल तर पाणी पावसाचं आहे; कुठे तरी साठून होतं, होडी कलली तसं खाली उतरलं. मग खडू आणि हातोडी घेऊन पुन्हा डेकवर चढा.